समतोल मतदान

आमच्या वसाहतीत मतदान कमी होतं याचं मला कधीच दुःख नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. उगाच नंतर कुणी मला लोकशाहीचा सेवक वगैरे म्हणायला नको. तसं कुणी म्हणण्याची शक्यता आता उरलेली नाही, ती गोष्ट वेगळी. सध्या वसाहतीत माझी ओळख 'ज्यांनी मतदान बंद पाडलं ते' अशी आहे, आणि असं म्हणणाऱ्यांत जे स्वतः मतदानाला गेले नाहीत तेच सगळ्यांत पुढे आहेत.

सुरुवात सभागृहाच्या दारावर चिकटवलेल्या एका कागदाने झाली. कागद निवडणूक कार्यालयाचा होता. या केंद्रावर गेल्या दोन्ही वेळा पाव मतदारसुद्धा आले नाहीत, यंदाही तसंच झालं तर केंद्र बंद करून महामार्गापलीकडच्या शाळेत हलवण्यात येईल, असा मजकूर. आमच्याकडे कुठेही कागद चिकटवला की तो फक्त माझे बाबा वाचतात. बाकीच्यांना पाणी बंद राहणार असल्याची सूचनासुद्धा नळ उघडल्यावरच कळते, आणि मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात नोकरीला असल्यामुळे ते नळ तसाच उघडा टाकून माझ्याकडे येतात.

जेवताना बाबांनी विचारलं, "ती शाळा म्हणजे लोखंडी जिना आहे तीच ना?"

"हो."

"आणि मतदान वरच्या मजल्यावर?"

"खाली गोदाम आहे. म्हणजे वरच असणार."

 बाबांनी ताट अर्धं ठेवलं, आणि ते कधी ताटात टाकत नाहीत.

बाबा वीज खात्यात मीटर वाचायचे. जन्मभर लोकांचे जिने चढून-उतरून त्यांनी गुडघे संपवले. आता घरापासून सभागृहापर्यंत, काठी टेकत, मध्ये एकदा बाकावर बसून, एवढीच त्यांची मजल. पण मतदान त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि एकट्याने चालत. कुणी हात धरलेला त्यांना चालत नाही. आई गेली त्याच आठवड्यात निवडणूक होती. तेव्हाही ते जाऊन आले, आणि परत आल्यावर मग रडले. असा माणूस ताट अर्धं ठेवतो तेव्हा मुलाला काहीतरी करावंच लागतं. मी रजा टाकून निवडणूक कार्यालयात गेलो. मला वाटलं होतं एका अर्जाचं काम असेल.

पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पुन्हा पहिलीकडे, आणि पहिलीला तोवर मी आधी येऊन गेल्याचं आठवत नव्हतं.  तक्रार विभागात आम्हीही हेच करतो. फक्त आमच्याकडे निदान बसायला बाक आहे. शेवटी एक साहेब भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या वसाहतीत इच्छा दिसत नाही."

"इच्छा आहे," मी म्हटलं.

"मग पुरावा द्या."

"कसला पुरावा?"

"पाव मतदान."

मी वडिलांच्या गुडघ्यांचं सांगितलं. साहेब खरंच चांगले होते. म्हणाले, "त्यांच्यासाठी आम्ही घरी येऊ की. दोन माणसं येतील, पेटी आणतील, पाच मिनिटांचं काम." मी आनंदाने घरी येऊन हे बाबांना सांगितलं. बाबा वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, "मत म्हणजे काय रक्ताचा नमुना आहे, घरी येऊन काढून न्यायला?"

म्हणजे आता वसाहतीतले पाव लोक घराबाहेर काढण्याशिवाय मार्ग नव्हता. ऐकायला हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आमच्या वसाहतीत राजकारणाबद्दल उदासीनता आहे असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. इथे दोन तट आहेत. एक आत्ताचे आणि एक आधीचे. आत्ताचे म्हणजे सध्या जे सत्तेवर आहेत त्यांच्या बाजूचे आणि आधीचे म्हणजे त्यांच्याआधी जे होते त्यांच्या बाजूचे. सत्ता पालटली की ही नावं अदलाबदल करावी लागतात, आणि मग महिनाभर भांडताना लोकांचा गोंधळ होतो. गाड्या कुठे लावायच्या, पाण्याचा पंप कुणी चालवायचा, बागेतलं झाड तोडायचं की नाही, सगळं या दोन तटांवर ठरतं. झाड अर्धं तोडलेलं आहे. इतकं करून मतदानाच्या दिवशी मात्र दोन्ही तट जोडून आलेली सुट्टी पाहून गावाला जातात किंवा झोपतात.

माझ्या स्वतःच्या घरात मी आधीचा आणि बायको आत्ताची. ती बँकेत रोखपाल आहे आणि माणसं ओळखते. मी घरोघर जाणार म्हटल्यावर तिने एवढंच विचारलं, "कुणाच्या वतीने?"

"कुणाच्याच नाही."

"मग दार उघडणार नाहीत."

दारं उघडली, पण पुढचं तिचंच खरं ठरलं. आमचे चेअरमन आत्ताचे. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, आणि हसत विचारलं, "आधीच्यांकडून किती ठिकाणी फिरायचं ठरलंय तुमचं?" तिथून मी दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते कट्टर आधीचे, म्हणजे माझ्याच बाजूचे. ते म्हणाले, "तुम्ही आत्ता चेअरमनकडे चहा घेतलात ना? मी खिडकीतून पाहिलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बायकोच्या दबावाखाली आहात का? मनमोकळं बोला." मी मनमोकळं बोललो, म्हणजे नाही म्हटलं. त्यांनी समजुतीने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी बायकोच्या दबावाखाली असल्याचं सगळ्या वसाहतीला माहीत झालं. बायको म्हणाली, "अफवा म्हणून काही वाईट नाही."

दोन्ही बाजू मला एकच सांगत होत्या. मतदान वाढावं, पण नेमकं त्या दुसऱ्यांचं वाढलं तर? तुम्ही त्यांनाच नेमके गाडीत घालून आणाल. सभागृह जवळच आहे, पण आमचे लोक गाडीशिवाय हलत नाहीत. तीन रविवार मी जिने चढलो. बाबांचे गुडघे कसे गेले ते मला नीट कळलं, पण मतदार एकही मिळाला नाही.

शेवटी चेअरमननी सभा बोलावली. विषयपत्रिकेवर पहिला विषय गळणारी टाकी आणि दुसरा माझं वर्तन. टाकीवर कुणी बोललं नाही. मला उभं करून अर्धा तास दोन्ही तटांनी माझ्या हेतूंविषयी चर्चा केली. मागच्या खुर्चीवर बाबा बसले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांचे बाकावरचे सोबती, मास्तर. वडिलांसमोर माणसाची अशी शोभा होऊ नये. मला राग आला, आणि रागाच्या भरात मला आयुष्यातली सगळ्यात वाईट कल्पना सुचली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी समतोल राखतो. दर गाडीत एक आत्ताचा आणि एक आधीचा. एक निघाला की दुसरा निघालाच पाहिजे. एकाशिवाय दुसऱ्याची गाडी जागची हलणार नाही. मग तर कुणाचा फायदा नाही ना?"

 डॉक्टरांनी टाळी वाजवली. चेअरमननी डॉक्टरांना टाळी वाजवताना पाहिलं आणि मागे राहायला नको म्हणून त्यांनीही वाजवली. माझ्यासाठी टाळ्या वाजण्याची ती पहिलीच वेळ. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सगळे इतक्या पटकन हो म्हणाले, म्हणजे यात काहीतरी घोटाळा आहे." मी तिकडे दुर्लक्ष केलं.

पुढचा आठवडा मी जोड्या लावत होतो. हे काम किती नाजूक असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. एका आधीच्याला जोडीला आत्ताचा चालत होता, पण जोरात बोलणारा नको होता. एका काकूंना दोन्हीकडचे चोर वाटत होते, त्यांना त्यांच्यासारखीच कुणी हवी होती. ती मिळाली तेव्हा दोघी आपल्यातलं कोण जास्त निराश आहे यावर भांडल्या. नवरा-बायकोंच्या जोड्या त्यातल्या त्यात सोप्या गेल्या, कारण आमच्याकडे बहुतेक घरांत एक इकडचा आणि एक तिकडचा असतोच. चेअरमनना डॉक्टर मिळाले. माझी जोडी बायकोशी. आणि बाबांची जोडी मास्तरांशी.

मास्तर म्हणजे समोरच्या इमारतीतले, निवृत्त, भूगोल शिकवायचे. ते आत्ताचे, बाबा आधीचे. रोज संध्याकाळी बाकावर बाबा आणि ते भांडतात. भांडण कुठल्या सरकारच्या वेळी सुरू झालं ते दोघांनाही आठवत नाही. पाऊस असो, थंडी असो, दोघं छत्री घेऊन भांडायला जातात. बाबांना मी विचारलं, "मास्तरांबरोबर जाल ना?" तर म्हणाले, "त्याला वाटेत दोनदा बसावं लागतं. पण जाईन." आणि त्याच दिवशी त्यांनी शर्ट इस्त्रीला टाकला. निवडणुकीला अजून आठवडा होता. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

इथवर सगळं ठीक होतं. घात केला तो चौथ्या मजल्यावरच्या हिशेबनिसांनी. हे गृहस्थ लेखापरीक्षणातून निवृत्त झाले, पण लेखापरीक्षण काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"तुमच्या योजनेचा मी अभ्यास केला," ते म्हणाले. "एक मत इकडे, एक तिकडे. फरक किती?"

"काहीच नाही. तेच तर."

"आणि दोघंही घरी बसले तर फरक किती?"

 उत्तर मला कळलं होतं.

"मग पेट्रोल कशाला जाळायचं?" हिशेबनीस म्हणाले, आणि समाधानाने वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या इमारतींत पोचली. इतकी वर्षं आमचे लोक आळसाने घरी बसत होते. मनात कुठेतरी थोडी लाज असायची. आता त्यांना घरी बसायला तत्त्व मिळालं. जोड्या एकमेकांच्या घरी जाऊन हात मिळवू लागल्या. मी नाही जात, तुम्ही नका जाऊ, शब्द म्हणजे शब्द. पंपावरून वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं एकमेकांना शब्द देत होती. बागेत तर म्हणे दोघांनी मिठी मारली.

मी पुन्हा जिने चढायला लागलो. लोकांना समजावलं की केंद्र टिकायचं तर माणसं मोजतात, फरक मोजत नाहीत. निम्म्या लोकांना पटलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. आधी त्यांना जाऊ द्या, मग मी निघतो." मी त्यांच्या जोडीदारांकडे गेलो. तेही म्हणाले, "बरोबर आहे. आधी ते." चेअरमन आणि डॉक्टर यांनी तर कमालच केली. एकमेकांवर त्यांचा इतका विश्वास होता, की मतदानाच्या दिवशी दोघांनी एकाच गाडीतून तलावावर सहलीला जायचं ठरवलं, म्हणजे दुसरा चोरून मत देणार नाही. समतोल गाडी वसाहतीतून निघाली ती फक्त तीच.

मतदानाच्या दिवशी निदान आपण तरी उदाहरण घालून द्यावं म्हणून मी आणि बायको सगळ्यांत आधी गेलो. दार उघडायच्या आधीच आम्ही उभे. आयुष्यात प्रथमच एखादं कर्तव्य वेळेवर केलं, आणि तेच पुढे नडलं. बोटाला शाई लावून घेऊन आम्ही परतलो तेव्हा बाबा दाढी करून, शर्ट घालून फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मास्तरांची वाट पाहत.

मास्तरांऐवजी त्यांची सून आली. केस विस्कटलेले, हातात पिशवी. म्हणाली, "काका, पहाटेपासून त्यांना श्वास घेता येईना. दवाखान्यात ठेवलंय. मी कपडे न्यायला आले." बाबांनी एवढंच विचारलं, "बोलतोय का?" ती म्हणाली, "थोडं थोडं." आणि रिक्षा थांबलेली होती म्हणून लगेच गेली.

मी बाबांच्या खुर्चीजवळ गेलो. मग म्हटलं, "बाबा, चला. ऊन वाढायच्या आत जाऊन येऊ. मी लांबून चालतो, हात धरत नाही."

"मास्तर यायचाय."

"ते आज येणार नाहीत, बाबा."

"मग मी कसा जाऊ? सभेत तूच सांगितलंस, एकाशिवाय दुसरा हलणार नाही म्हणून."

"ते गाड्यांबद्दल होतं. आणि ते कुणीच पाळलं नाहीये."

"त्यांनी नाही पाळलं," बाबा म्हणाले. "तो तिकडे तोंडाला नळी लावून पडलाय, आणि मी इकडे त्याच्यावर एका मताने पुढे जाऊ?"

मी दवाखान्यात फोन लावला. सुनेने फोन मास्तरांच्या कानाशी धरला. मी परिस्थिती सांगितली. पलीकडून बराच वेळ नुसती घरघर ऐकू आली, मग मास्तर म्हणाले, "त्याला सांग, जा म्हणून." मी फोन मोठ्या आवाजावर करून बाबांना पुन्हा ऐकवला. बाबा म्हणाले, "तो तसं म्हणणारच. मी पडलो असतो तर मीही म्हटलं असतं. आणि तो गेला नसता."

बायको म्हणाली, "मी मास्तरांच्या वाटचं दिलं असतं हो, हे घरी बसले असते." पण आमच्या दोघांच्या बोटांवर शाई होती. मी चौथ्या मजल्यावर धावलो. हिशेबनीस आत्ताचे. त्यांना म्हटलं, "मास्तरांच्या जागी तुम्ही चला. तुमचा जोडीदार घरीच आहे, त्याचं मत पडत नाही, तुमचं मास्तरांच्या खात्यात धरू, फरक शून्यच राहतो." त्यांनी डोळे मिटून आकडे मांडले. मग डोळे उघडून म्हणाले, "बरोबर येतंय." आणि चक्क बूट घालून खाली आले. या माणसाच्या मी पाया पडायचाच बाकी होतो.

बाबांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे कशाला?"

"मास्तरांच्या बदली."

"मास्तरच्या बदली हे?" बाबा म्हणाले. "अरे, मला बेरीज जुळवायची नाहीये. आम्ही दोघं बरोबर जाणार होतो. हिशेब तुमचा तुम्ही बसवा."

हिशेबनीस वर गेले. बूट घातलेच आहेत तर मत देऊन या, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "आता समतोल बिघडेल."

दुपार तशीच गेली. सभागृहात मधूनमधून एखादा माणूस जायचा. बहुतेक ते, ज्यांना मी जोडीत घ्यायला विसरलो होतो. उन्हं उतरल्यावर बाबा उठले, काठी घेतली आणि एकटे निघाले. मला वाटलं विचार बदलला. मी बायकोला खूण केली आणि अंतर ठेवून मागे गेलो. ते मधल्या बाकावर बसले. तिथून उठून सभागृहात गेले, आणि आत मतदानाच्या खोलीबाहेर रांगेसाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांपैकी पहिलीवर जाऊन बसले.

केंद्रप्रमुख एक तरुण बाई होत्या. एरवी टपाल कार्यालयात असतात. दिवसभर बसून त्यांचे डोळे पेंगुळले होते. म्हणाल्या, "या आजोबा, आत या."

"एक माणूस यायचाय," बाबा म्हणाले.

थोड्या वेळाने मतदानाची वेळ संपली. नियम असा, की वेळ संपताना जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठी द्यायची आणि त्यांचं मतदान झाल्यावरच केंद्र बंद करायचं. बाईंनी बाबांना चिठ्ठी दिली. बाबांनी दोन मागितल्या. "माणूस हजर लागतो," बाई म्हणाल्या. "मग एकच द्या," बाबा म्हणाले, आणि चिठ्ठी हातात धरून बसून राहिले.

रांगेत एकच माणूस होता आणि तो पुढे सरकत नव्हता. बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. धक्काबुक्की करणारा, दारू प्यायलेला, दुसऱ्याच्या नावाने आलेला, सगळ्यांचं काय करायचं ते त्यात होतं. शांत बसलेल्याचं नव्हतं. त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला.

"सर, रांग संपत नाहीये."

पलीकडचे साहेब बहुधा खूश झाले असावेत, कारण बाईंचा चेहरा आणखी पडला.

"नाही सर, एकच जण आहे."

मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, "रांग असेपर्यंत बंद करता येणार नाही. तुमचेच ना हे? सांगा ना काहीतरी."

मी सांगितलं. बायकोने सांगितलं. तोवर बातमी पसरली आणि लोक जमू लागले. काकू आल्या, हिशेबनीस आले, सहलीहून परतलेले चेअरमन आणि डॉक्टर आले. मतदानाच्या दिवशी आमच्या सभागृहात एवढी गर्दी कधी झाली नव्हती, आणि त्यातल्या एकालाही आता मत देता येत नव्हतं. सल्ला मात्र सगळे देत होते. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आपल्या बाजूचं एक मत वाढतंय, सोडू नका." चेअरमन म्हणाले, "शब्द पाळणारा माणूस आहे, त्याला भरीला घालू नका." दोघांचं जुंपलं. मी कपाळाला हात लावून उभा होतो. मला त्या क्षणी आत्ताचे, आधीचे आणि पुढे जे कुणी येणार असतील ते, सगळ्यांचा सारखाच तिटकारा आला.

मग माझा फोन वाजला. मास्तरांची सून होती. औषधाने घरघर कमी झाली होती, ते झोपले होते, पण निदान आठवडाभर तरी सोडणार नाहीत असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणत होते. मी बाबांजवळ खाली बसून हे सांगितलं.

"झोपलाय?"

"हो."

"बरं झालं. झोपू दे."

बाबा काठीवर भार देऊन उठले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी चिठ्ठी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बंद करा बाई. तुम्हालाही घरी जायचं असेल."

"अहो आजोबा, मत देऊन जा ना. दोन पावलांवर आहे."

बाबांनी त्या पडद्याआडच्या टेबलाकडे एकदा पाहिलं. नंतर ते वळले आणि घराकडे चालू लागले. मधल्या बाकावर ते बसले नाहीत. मी मागून चालत होतो आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. वसाहतीतल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलं, आणि बायकोच्या दबावाचा तो परिणाम असावा असं त्यांचं मत पडलं.

आमच्या केंद्रावर आजवरचं सगळ्यात कमी मतदान झालं. दारावर नवा कागद लागला. केंद्र महामार्गापलीकडे गेलं, लोखंडी जिन्याच्या वर. लोक मला दोष देऊ लागले, कारण आता त्यांना इतक्या लांब जावं लागणार होतं. मी निवडणूक कार्यालयात जाऊन पुन्हा त्याच साहेबांना भेटून आलो. ते म्हणाले, "घरी येऊ की आम्ही, दोन माणसं, पेटी." मी त्यांचे आभार मानले.

मास्तर परत आले ते निम्मे होऊन. गालफडं बसली होती, आवाज पार आत गेला होता. पहिल्याच संध्याकाळी ते बाकावर येऊन बसले. बाबा आधीच तिथे होते. मी पाण्याची बाटली द्यायला गेलो होतो म्हणून मला ऐकू आलं.

"गेलास ना शेवटी?" मास्तर म्हणाले. "मी आपलं जीव जात असताना सभ्यपणे म्हटलं जा, आणि हा गेला."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"तूच म्हणालास ना?" बाबा म्हणाले.

"म्हणायचं असतं. मी तुझ्या जागी असतो तर हललो नसतो. एका मताने पुढे गेलास, दगाबाज."

"गेलो मग."

"दाखव बोट."

बाबांनी डावा हात खिशात सरकवला. "पुसली केव्हाच शाई. तू किती दिवस लोळत होतास?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना बाबांविरुद्ध पक्की तक्रार मिळाली होती, आणि ती ते सहजासहजी सोडणार नव्हते. दम लागत होता तरी ते सरसावून बसले.

"पुढच्या वेळी आधी मी जाणार," ते म्हणाले. "तू बाहेर खुर्चीवर बसायचंस. कळलं?"

"बरं," बाबा म्हणाले, आणि हात खिशातच ठेवला.